चार पिढ्यांचा तक्ता

रविवार, २६ ऑगस्ट १९५६. मरोळ. सायंकाळी ७.

ही वही माझ्याखेरीज कोणीही वाचावयाची नाही. म्हणून तिच्यात केवळ सत्य लिहीन.

आज आमच्या चर्चच्या, म्हणजे मरोळ पॅरिशच्या, गायकवृंदाचा, वाचनालय समितीचा व एकंदरीत पॅरिशचाच राजीनामा दिला. अकरा पाने, दोन्ही बाजूंनी. निमित्त : मिस्साची उपासना चालू असता आमचे मुख्य धर्मगुरू विगार फादर यांनी लॅटिनात एक प्रत्यय चुकवला व मी तो जागेवरूनच, सौम्य आवाजात, दुरुस्त केला. पुढील तीन बाकांनी माना वळवून पाहिले, एवढेच. मिस्सा संपल्यावर फादर म्हणाले, 'प्रोफेसर, मला काय म्हणायचं होतं ते देवाला कळलं असेल. तुम्ही कशाला त्रास घेता?' देवाच्या समजूतदारपणाचा जेथे असा गैरफायदा घेतला जातो, तेथे तर्कशास्त्रात एम.ए. झालेल्या मनुष्याने राहू नये.

दुपारी दुसरा प्रकार. गोराईचा होडीवाला इग्नेशियस आपल्या मुलासाठी, ॲम्ब्रोजसाठी, आमच्या नॅन्सीला मागणी घालण्यास आला. सोबत पापलेटांची जोडी. मुलगा सांताक्रूझला विमानांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, दिसावयास बरा आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु आमचे मिस्किटा घराणे मूळचे वसईचे ब्राह्मण. धर्म चारशे वर्षांपूर्वी बदलला. रक्त बदलत नाही. कोळ्यांच्या घरात मुलगी देणे अशक्य. हे मी शांतपणे सांगितले. इग्नेशियस हसून म्हणाला, 'वसईचा कागद हाय का प्रोफेसर, का नुसताच तोंडी?' सर्वश्रुत गोष्टीला कागद लागत नाही, असे उत्तर दिले.

पत्नीने, ॲग्नेसने, पापलेटे ठेवून घेतली. तत्त्वतः चूक. तळलेली चांगली झाली होती.

मंगळवार, २८ ऑगस्ट.

दर मंगळवारी ख्रिस्टेन्सन यांस मराठी शिकवितो. हे गृहस्थ अमेरिकेतील यूटाचे. गोरेगावच्या दूध वसाहतीत गुरांविषयी सल्ला देण्यास आले आहेत. डिसेंबरअखेर परत जातील. धर्माने मॉर्मन. आज 'माझा धर्म' या विषयावर दहा वाक्ये बोलावयास सांगितली. ते नऊच बोलले, पण ती ऐकता ऐकता मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. त्यांच्या पंथात पगारी पाद्री नाही. लायक असा कोणताही पुरुष धर्मगुरू होऊ शकतो. लायकीची परीक्षा घेतात. नियम लिहिलेले आहेत. प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतात.

म्हणजे इतकी वर्षे मी चुकीच्या बाकावर बसलो होतो.

मुंबईत आपले किती लोक, असे विचारले. माझे कुटुंब, असे ते म्हणाले. शंभर वर्षांपूर्वी काही प्रचारक येऊन गेले, फारसे जमले नाही. साहजिक आहे. त्यांच्यापाशी मी नव्हतो.

निश्चय : वर्षअखेरीपूर्वी बाप्तिस्मा. पुढे यथाकाल मुंबई शाखेचे अध्यक्षपद. ते मागावयाचे नाही, येईल.

रविवार, २ सप्टेंबर.

ख्रिस्टेन्सन यांच्या बंगल्यात पहिली उपासना. उपस्थिती : ते पति-पत्नी, त्यांच्या दोन मुली, ड्रायव्हर महादू (दारात उभा, केवळ कुतूहलाने) व मी.

महिन्याचा पहिला रविवार हा उपवासाचा असतो. दोन वेळा अन्न नाही, पाणीही नाही. हे मला भरपूर न्याहारी करून पोहोचल्यावर सांगण्यात आले. शिवाय या दिवशी प्रवचन नसते. ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या श्रद्धेविषयी बोलावे. धाकट्या मुलीने उठून हरवलेले मांजर सापडल्याबद्दल देवाचे आभार मानले व ती रडली. सर्वांचे डोळे ओले. नंतर मी उठलो. 'तर्क आणि श्रद्धा' यावर चाळीस मिनिटांचे टिपण तयार होते. सहाव्या मिनिटाला मिसेस ख्रिस्टेन्सन यांनी पेटी वाजवावयास घेतली.

येथे सर्व जण 'ब्रदर'. मी ब्रदर मिस्किटा. महादू ब्रदर महादू. 'प्राध्यापक' हा शब्द मी त्यांना पहिल्याच धड्यात शिकवला होता.

शेवटी मजवर एक कार्य सोपवण्यात आले : खुर्च्या मिटवून जिन्याखाली ठेवणे. महादूने मदत केली. त्याच्या खुर्च्या सरळ रांगेत लागल्या, माझ्या घसरल्या. खुर्च्या सदोष होत्या.

गुरुवार, ६ सप्टेंबर.

मद्य वर्ज्य. हरकत नाही, सरकारने ते आधीच बंद केले आहे. तंबाखू वर्ज्य. कधीच नव्हता. कॉफी वर्ज्य. आवडत नाही.

चहाही वर्ज्य आहे, हे ख्रिस्टेन्सन यांनी परवा बिस्किटांची बशी पुढे करता करता सांगितले. एवढी गोष्ट एखादा सज्जन मनुष्य आठवडाभर मनात कशी ठेवू शकतो, हे मला उमगत नाही.

आज पहाटेपासून नियम पाळला. अकराच्या तासाला फळ्यावर 'सर्व मनुष्ये मर्त्य आहेत' असे लिहिले आणि पुढचे आठवेना. विद्यार्थ्यांनी ते शोकप्रदर्शन समजून शांतता पाळली.

शनिवार, ८ सप्टेंबर.

गवती चहा सुरू केला. नावात चहा असला तरी पदार्थ गवत आहे, नियमात बसतो. ॲग्नेस म्हणाली, 'म्हशीपुढं टाकतात ते?' दुर्लक्ष केले.

बुधवार, १२ सप्टेंबर.

गवती चहाला रंग येत नाही. रंगापुरती चिमूटभर चहापूड. पेय मुख्यतः औषधी असल्याने निश्चयास बाध येत नाही.

रविवार, १६ सप्टेंबर.

रंगापुरते दोन चमचे.

मंगळवार, १८ सप्टेंबर.

अखेर माझ्या योग्यतेचे काम. ख्रिस्टेन्सन यांनी छापील फॉर्म दिले. त्यांच्यात प्रत्येकाने आपल्या चार पिढ्यांची नोंद करावयाची असते : नाव, गाव, धंदा, जन्म, विवाह, मृत्यू. दिवंगत पूर्वजांच्या वतीने कोणी जिवंत मनुष्य पाण्यात उतरतो व त्या पूर्वजांना बाप्तिस्मा मिळतो. म्हणून नोंद अचूक हवी. एकाच्या जागी दुसरा जाता कामा नये. 'अचूक' हा शब्द कित्येक आठवड्यांनी कानांवर पडला. हे तक्ते सॉल्ट लेक सिटीत कायमचे जपतात.

जेवताना म्हणालो की आता मिस्किटांचे वसईचे मूळ अमेरिकेत जमा होणार व कोणाला तोंडी, कोणाला कागदी, असले प्रश्न उरणार नाहीत. नॅन्सी गेले तीन आठवडे माझ्याशी मोजून बोलते. ताटावरून मान वर न करता म्हणाली, 'पप्पा, मग करार करू या. तक्त्यात वसईचे ब्राह्मण निघाले तर मी ॲम्ब्रोजचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही निघाले तर तुम्ही लग्नाला हो म्हणायचं.' आणि उठून तिने तो टाइपही करून आणला. तीन प्रती. फोर्टात टायपिस्ट आहे. मजकुरात एकही चूक नव्हती. मुलगी माझी आहे. तत्काळ सही केली. ॲग्नेसने साक्षीदार म्हणून सही करताना माझ्याकडे जरा अधिकच वेळ पाहिले. अभिमान असावा.

ॲम्ब्रोज प्रकरण संपले.

रविवार, ७ ऑक्टोबर. सायंकाळी ६.

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे उपवास. ऑक्टोबरचा पहिला रविवार, म्हणजे आगेरा. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये नेण्याचा आमच्या गावाचा सण. या दोन गोष्टी एकाच दिवशी येतात हे सप्टेंबरात कॅलेंडर पाहून कळले असते. कोणी दाखवले नाही.

दहापासून गल्लीतल्या प्रत्येक घरात पिठाचे गोल फुगे तळणे चालू. डुकराच्या रश्शाचा वास तीन दिशांनी. चौथ्या दिशेला माझे स्वतःचे स्वयंपाकघर. बारा वाजता कणसांची मिरवणूक दारावरून गेली. विगार फादर कुंपणापाशी थांबले, एक कणीस माझ्या हातात दिले व म्हणाले, 'राजीनाम्याचं चौथं पान चालू आहे, प्रोफेसर. फार बारकाईनं लिहिलंय. घाई करत नाही.'

चार वाजता एक फुगा खाल्ला. फुगा आतून पोकळ असतो. त्यात अन्न असे फारसे नसते. एकूण सात.

बुधवार, १० ऑक्टोबर.

वडिलांपर्यंतच्या नोंदी घरातच मिळाल्या. आजोबा दोमिंग यांच्यासाठी पॅरिशचे रजिस्टर पाहणे भाग. राजीनामा दिल्यावर त्या कचेरीत पाऊल ठेवणे प्रशस्त नव्हे, परंतु राजीनामा माझा होता. आजोबांनी दिलेला नाही. फादरांनी स्वतः रजिस्टर काढले व खुर्ची पुसून दिली.

आजोबांचा विवाह, १८७६. 'दोमिंग मिस्किटा, राहणार गोराई.'

लिहिणाऱ्याची चूक. मी फादरांना समजावले की वसईहून मरोळला येणारा मनुष्य वाटेत गोराईला उतरला असणे शक्य आहे. फादर म्हणाले, 'उतरले असतील. गोराईच्या पाद्रींना चिठ्ठी देतो. तिथं कधी जन्मलेबिन्मले का, तेही बघून या.'

शनिवार, २० ऑक्टोबर. रात्री जेवणापूर्वी.

बोरिवलीहून खाडीवर गेलो. पलीकडे जाणाऱ्या होडीत बसल्यावर लक्षात आले की वल्ह्यावर इग्नेशियस आहे. तोवर होडी सुटली होती.

त्याने मागणीचा विषय काढला नाही. त्याहून वाईट विषय काढला. म्हणाला, 'तुमचा आजा दोमिंग हिथलाच. माझा आजा पास्कोल नि तो शेजारी शेजारी जाळी वाळवीत. आजा सांगे, दोमिंगची गाठ एक जरी वाकडी पडली का तो अख्खं जाळं उसवी. मंग बाकीचे मासळी घेऊन घरी येत, नि हा जाळं घेऊन बसलेला.' होडीतली माणसे हसली. एक बाई म्हणाली, 'ह्ये त्याचेच नातू काय? तरीच.' सर्व गोराईस ही हकीकत ठाऊक असल्याचे दिसले.

रजिस्टरला जुन्या कागदाची कसर लागलेली. 'दोमिंग, इनासियोचा मुलगा, बाप्तिस्मा १८५३.' शोधता शोधता इनासियोही सापडला. विवाह १८३८. धंदा : मासेमार. त्याचा आणखी एक मुलगा : पास्कोल, १८४१. ओहोटीपूर्वी परतावयाचे म्हणून नोंदी पेन्सिलीने भराभर उतरल्या.

त्या काळी समुद्रकाठच्या कोणत्याही सुशिक्षित मनुष्यास 'मासेमार' म्हणत असावेत. शिवाय तक्ता अद्याप अपूर्ण आहे. अपूर्ण दस्तऐवजावर करार अमलात येत नाही. नॅन्सीला तसे सांगितले. ती म्हणाली, 'ठीक आहे, पप्पा. पूर्ण करा.' ज्या शांतपणे म्हणाली तो शांतपणा मला आवडला नाही.

शुक्रवार, २ नोव्हेंबर.

मृतांचा दिवस. कबरस्थानात मेणबत्त्या लावण्यास गेलो. राजीनामा दिला तरी मृत अजून सामाईक आहेत. आजोबांच्या क्रूसापाशी उभे राहून ॲग्नेसला म्हणालो की हा मनुष्य खरा कोण होता हे आता कोणालाच कळणार नाही.

ती वात सरळ करीत म्हणाली, 'डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आला मरोळला. इथंच विकली, इथंच राहिला. तुमच्या आईनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं मला. म्हणाली, आमच्या बेनला वसईचं लई कौतुक आहे, असू दे, कुणाचं काय जातं.'

पंचवीस वर्षे. या घरात पंचवीस वर्षे ही माहिती माझ्यासमोर भात वाढत होती.

मग करारावर साक्षीदार म्हणून सही का केलीस, असे विचारले. म्हणाली, 'पोरगी जिंकणार हे ठाऊक होतं म्हणून.'

चहा घेतला. गवताशिवाय. दुखवट्याच्या दिवशी नियम शिथिल समजावा.

रविवार, ४ नोव्हेंबर.

गोरेगाव. उपवास. टिपण न घेता उठलो व केवळ इतके म्हणालो की माझे पूर्वज मासे पकडीत असत. बसलो. काय झाले कोण जाणे, मिसेस ख्रिस्टेन्सन यांनी रुमाल काढला. ख्रिस्टेन्सन माझा हात धरून म्हणाले, प्रभूने पहिले शिष्य कोठून निवडले ते आठवा, ब्रदर. महादूने माझ्या वाटच्या खुर्च्या उचलल्या.

परतताना विचार केला. कोळी हे या बेटांचे मूळ रहिवासी. ब्राह्मण मागाहून आले. म्हणजे मी समजत होतो त्याहून माझे घराणे जुने आहे. हा मुद्दा आजवर कोणी नीट मांडलेला नाही. मांडावा लागेल.

मात्र यावरून ॲम्ब्रोजला होकार असा अर्थ होत नाही. इतर कारणे आहेत. ती तयार करीत आहे.

रविवार, ११ नोव्हेंबर.

तीन दिवस तक्ता शाईने काढत आहे. कोपरे काटकोनात, रेषा दुहेरी, नावे बोरूने. आज दुपारी रेषा जोडता जोडता हात थांबला. इग्नेशियसचा आजा पास्कोल. रजिस्टरातील इनासियोचा मुलगा पास्कोल. म्हणजे इनासियो हा माझाही पणजोबा व इग्नेशियसचाही. म्हणजे नॅन्सी आणि ॲम्ब्रोज एकाच मनुष्याच्या पणतवंडांची मुले.

कॉलेजच्या वाचनालयातून चर्चच्या कायद्याचा ग्रंथ आणला. चौथ्या पायरीपर्यंतच्या नातेवाईकांत विवाह निषिद्ध. बोटावर मोजले. दोनदा. बरोबर चौथी पायरी.

करार हरलो असेन. लग्न जिंकलो. इग्नेशियस नात्यात निघाला ही किंमत मोठी आहे, पण एकदाच द्यावयाची आहे. परवा विगार फादरांकडे जाऊन विषय कायमचा मिटवितो.

नॅन्सी दुपारभर शिवणयंत्रावर होती. काही पांढरे शिवत होती. विचारले नाही.

मंगळवार, १३ नोव्हेंबर. सायंकाळी ५.

फादरांनी तक्ता पाऊण तास पाहिला. म्हणाले, या पॅरिशमध्ये इतकं सुंदर काम मी पाहिलं नाही. मी मुद्दा मांडला. ते म्हणाले, 'तुमचा ग्रंथ कधीचा?' १८८२, असे सांगितले. 'तो नियम १९१८ साली बदलला, प्रोफेसर. आता तिसऱ्या पायरीपर्यंतच बंदी. तुमची मुलं एका पायरीनं सुटली.'

मी ग्रंथ मिटला. फादर पुढे म्हणाले, 'तुमची खरी हरकत घराण्याची होती असं ऐकलं. इथं तर घराणं एकच दिसतंय. तुम्हीच सिद्ध केलंत.'

युक्तिवाद निर्दोष होता. मी स्वतः पहिल्या वर्षाला तो शिकवितो.

तक्ता त्यांनी ठेवून घेतला. चर्चच्या दारात नोटिसांच्या फळीवर लावणार. इतरांनीही आपली मुळे शोधावीत म्हणून. नाही म्हणू शकलो नाही. फळीवर प्रकाश चांगला पडतो.

रविवार, १८ नोव्हेंबर.

मिस्सानंतर सर्व मरोळ त्या फळीपुढे. मी पलीकडच्या फुटपाथवरून पाहिले. लोकांनी असा समज करून घेतला आहे की मी दोन महिने धूळ खाऊन, खाडी ओलांडून, दोन गावांचे नाते शोधले ते मुलीच्या सुखासाठी. दुपारी इग्नेशियस सुरमई घेऊन आला. मला 'भाऊ' म्हणाला. आपण चुलत-चुलत भाऊ आहोत हे त्याला ठाऊक होते काय, असे विचारले. म्हणाला, 'नाय बा. आजा कधी बोलला नाय. पण तुम्ही लिवलंय, म्हंजे खरंच असंल.'

ॲम्ब्रोज दारातच उभा राहिला. चपला बाहेर काढून, हात मागे. म्हणाला, 'अंकल, मला वाटायचं तुम्हाला मी नको आहे. तुम्ही आमच्यासाठी इतकं कराल असं वाटलं नव्हतं.' त्याला बसावयास सांगितले. तो योग्य खुर्चीवर बसला, डगमगणारीवर नाही.

सायंकाळी नॅन्सी माझ्या खोलीत आली. टेबलावरचे पेन कडेला समांतर करून ठेवले, मला लागते तसे, आणि गेली. कराराची माझी प्रत काढून तिच्यावर 'पूर्तता' असे लिहिले व तारीख घातली. करार पाळणे हा तत्त्वाचा प्रश्न आहे. लग्न १३ जानेवारीला.

मंगळवार, २७ नोव्हेंबर.

ख्रिस्टेन्सन यांनी तक्त्याची माझ्या हातची नक्कल सॉल्ट लेक सिटीला रवाना केली. म्हणाले, त्यांच्या आजोबांचा तक्ताही इतका नीट नाही. इनासियोला लवकरच बाप्तिस्मा मिळेल. पणजोबांचे भले झाले. माझा केव्हा, हे विचारले. मुलाखतीनंतर.

शनिवार, २२ डिसेंबर.

मुलाखत. ख्रिस्टेन्सन पुढील शुक्रवारी बोटीवर चढणार, म्हणून ही शेवटची संधी. त्यांनी प्रथम विचारले, घरात शांतता आहे काय. संपूर्ण आहे, असे सांगितले. लग्नाच्या मेजवानीत एकही जिन्नस, फुगेसुद्धा, आंबवलेला नसावा असे मी सुचविल्यापासून ॲग्नेस माझ्याशी बोललेली नाही. त्यांनी दुसरा प्रश्न चहाविषयी केला. गवती चहा, रंग, औषध व दुखवटा या चार अंगांनी उत्तर दिले. चाळीस मिनिटे लागली. या वेळी पेटी वाजली नाही.

ते हसले नाहीत. म्हणाले, ब्रदर मिस्किटा, घाई नको. पत्नी आनंदाने सोबत आली तर अधिक चांगले. पुढे कोणीतरी येईल, त्याच्याकडे तुमचे नाव असेल. केव्हा, असे विचारले. पाच वर्षे. दहा. प्रभूला ठाऊक.

निघताना त्यांनी महादूला आपला कोट दिला. मला मराठीच्या वह्या परत केल्या. नवव्या धड्यापर्यंत एकही चूक नाही. उत्तम विद्यार्थी.

म्हणजे सध्या मी कोणत्याच धर्मात नाही, असे दिसते. सायंकाळी विगार फादरांना तसे कळविले. ते म्हणाले, 'छे हो. सहाव्याच पानावर आहे मी. राजीनामा अजून मंजूर कुठं झालाय?'

शनिवार, १२ जानेवारी १९५७. दुपारी ४.

उद्या लग्न. आज उंबराचे पाणी. बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन घागरी भरून आणतील. गोराईची माणसे आली आहेत. ओटीवर नॅन्सीच्या हातांत बांगड्या भरणे चालू आहे. कासाराने एक बांगडी फोडली तेव्हा ती मोठ्याने हसली. तिला इतके हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

इग्नेशियसची इच्छा की तक्ता मांडवात लावावा. फळीवर उन्हाने शाई उडाली, म्हणून नवी प्रत करण्यास बसलो व पेन्सिलीच्या मूळ नोंदी काढल्या. प्रथमच संपूर्ण ताडून पाहिल्या. समासातील एक ओळ तक्त्यात उतरलीच नव्हती.

'इनासियो, मासेमार, पास्कोलचा बाप. वादळात बुडून मृत्यू, १८४९.'

दोमिंगचा बाप्तिस्मा १८५३.

पुन्हा पाहिले. चष्मा पुसून पाहिले. मेलेल्या मनुष्यास चार वर्षांनी मुलगा होत नाही. गोराईत इनासियो दोन होते. दुसऱ्याच्या पानाला कसर लागली होती. गाव नाही, धंदा नाही, काहीच नाही. माझा पणजोबा तो. इग्नेशियस माझा कोणीही नाही. होडीत त्याने शेजारी म्हटले होते, शेजारीच होते.

आणि तो दुसरा इनासियो, ज्याच्याविषयी काहीच माहीत नाही, तो वसईहून आलेला नसेलच असे तर्काने म्हणता येत नाही. पाटीची गोष्ट आहे, पण पाटी कोणीही उचलतो. एका पत्राचा प्रश्न. विगार फादरांना चार ओळी लिहिल्या तर तक्ता रद्द, करार पुन्हा उघडा, आणि उद्या सकाळी चर्चमध्ये काय व्हावयाचे ते माझ्या हाती.

कागद घेतला. 'मान्यवर फादर, आपल्या निदर्शनास आणणे मी माझे कर्तव्य समजतो की' येथपर्यंत लिहिले. पुढचे वाक्य असे होते की तर्कशास्त्राचे प्राध्यापक बेनेडिक्ट मिस्किटा यांनी, दुहेरी रेषेत, बोरूने, एका बुडालेल्या गृहस्थास बाप केले. हे वाक्य फादर मरोळला वाचून दाखवणार नाहीत, सहाव्या पानावरच राहतील. पण तक्ता का काढला, हे गोराई विचारेल. होडीत सांगतील. आणि सॉल्ट लेक सिटीत कोणी पांढऱ्या कपड्यांतला मनुष्य पणजोबांच्या नावाने पाण्यात उतरेल तो भलत्याच मनुष्यासाठी, जो आधीच एकदा बुडून गेला आहे. तेथेही पत्र लिहावे लागेल. इंग्रजीत.

ओटीवरून इग्नेशियसने हाक मारली, 'भाऊ, बँड उभा हाय. तुमच्याबिगर घागरी हलत नाय. नॅन्सी म्हंते, पप्पांना बोलवा.'

आलो, असे सांगितले.

पत्र फाडले. खोडरबर घेऊन १८४९ ची ओळ पुसली. घाईत फार दाबून लिहिली होती. पान उलटून धरले तर अजून वाचता येते.